मामांचा सिग्नल

वर्षभर आपण या सदरात भेटतो ते एका पानात. दिवाळी अंकात मात्र संपादक मोठ्या मनाने जागा देतात आणि वर बजावतात, "सणाचे दिवस आहेत, काहीतरी गोड लिहा." यंदा मी त्यांना सांगितले की मी काठी, वॉकर आणि चालता चालता अडणारे पाय यांवर लिहिणार आहे. त्यांचा चेहरा कारले चावल्यासारखा झाला. पण वाचकहो, गोष्ट दिवाळीचीच आहे आणि तिच्यात रांगोळीही आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

आमचे मामा टिटवाळ्याला राहतात. चौतीस वर्षे त्यांनी रेल्वेत गार्डाची नोकरी केली. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून कसाऱ्याचा घाट किती वेळा चढले-उतरले, याचा हिशेब त्यांनाही सांगता येणार नाही. २०२२ साली रेल्वेने गार्ड हे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले, तेव्हा मामा म्हणाले, "नाव काहीही ठेवा, शेपटाचा डबा तो शेपटाचाच." असा हा मिस्किल माणूस. निवृत्तीनंतर कल्याणची चाळीतली खोली सोडून त्यांनी टिटवाळ्याला नव्या इमारतीत जागा घेतली. सकाळी उठावे, पायी महागणपतीला जावे, तळ्याकाठी घटकाभर बसावे आणि येताना भाजी आणावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

दोन वर्षे ती पुरी झाली. मग उजव्या हाताची बोटे थरथरू लागली, अक्षर बारीक झाले, चेहऱ्यावरचे हसू कमी झाले. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितले. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली या दुखण्यावर पहिला निबंध लिहिला, म्हणून त्याचे नाव पडले. आपल्याकडे वैद्य याला कंपवात म्हणत आले. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू कमी होतात आणि हालचालींचे तंत्र बिघडते. लेव्होडोपा या औषधाने ती उणीव बरीच भरून निघते. कोकणात कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही निसर्गतः हेच द्रव्य असते. पण म्हणून कोणी आपल्या मनाने त्या बियांचे चूर्ण खाऊ नये. मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तर लेण्याचे देणे होते.

थरथर मामांनी पचवली. चहाचा कप अर्धाच भरायचा, एवढ्यावर भागले. पचवता आले नाही ते अडणे. चालता चालता मामा एकाएकी थांबत. पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. मनात पुढे जायचे असे, वरचे अंग पुढे झुके, पाय मात्र जागचे हलत नसत. दाराच्या चौकटीत, वळणावर, गर्दीत हे हटकून होई. अशा वेळी तोल जाऊन माणूस तोंडघशी पडतो. मामा दोनदा पडले. दुसऱ्या वेळी कपाळाला चार टाके पडले आणि त्यानंतर त्यांनी गणपतीला जाणे सोडले. कोणी विचारले तर म्हणत, "सिग्नल पडत नाही रे. होमला गाडी उभी आहे." आम्ही हसत असू. मामी हसत नसत.

आता माझ्या शहाणपणाची कथा ऐका. मी डोंबिवलीच्या एका दुकानात गेलो आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर विकत घेतला. लोकलच्या गर्दीत तो डोक्यावर धरून ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली करीत टिटवाळ्याला उतरलो. भाच्याने मोठे काम केले अशा थाटात मामांपुढे ठेवला. महिन्याने पुन्हा गेलो तर वॉकर गॅलरीत उभा, आणि त्यावर मामांचे दोन पंचे, मामींची पोलकी आणि एक पायपुसणे वाळत घातलेले.

मला राग आला. म्हटले, "मामा, अहो एवढ्या हौसेने आणला, आणि तुम्ही त्याची वलणी केलीत?"

मामा म्हणाले, "मोरीचं दार दोन फुटांचं. तुझा वॉकर सव्वादोन फुटांचा. मोरीत मी जायचं की वॉकरनं?"

मी निरुत्तर झालो. टेप घेऊन मापे काढली असती तर पाच मिनिटांत कळले असते. पण मी दुकानात वॉकर पाहिला, मामांचे घर पाहिलेच नाही. आणि चूक मापापुरतीच नव्हती. चाके नसलेला वॉकर दर पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो. उचला, ठेवा, पाऊल टाका, पुन्हा उचला. ज्याचा गुडघा दुखतो त्याला हे चालते. पण ज्याच्या चालीची लयच तुटते आहे, त्याला दर पावलाला थांबायला लावणे म्हणजे दुखण्याला हातभार लावणे. हे मला नंतर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी समजावून सांगितले, आणि तेव्हा मी पुरता ओशाळलो.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर मामांना तपासणीसाठी कल्याणला न्यायचे होते. मी धास्तावलो होतो, कारण स्टेशनातला पूल ओलांडायचा होता. आम्ही जिन्याशी आलो. कठड्याला एक हात लावून मामा पायऱ्या चढू लागले, आणि मी पाहतच राहिलो. एक, दोन, तीन, चार, कुठे अडखळणे नाही की थांबणे नाही. पलीकडचा जिनाही तसाच उतरले. आणि फलाटाच्या सपाट जमिनीवर पाय ठेवला मात्र, गाडी होमला उभी! मागून लोक ढकलत होते. "काका, बाजूला व्हा ना," असे एकजण खेकसलाही. मामांचे कान लाल झाले. ते खाली मान घालून उभे राहिले. पायऱ्यांवर पळणारा माणूस सपाटीवर का अडतो, हे त्या खेकसणाऱ्याला कुठून कळावे? मलाही कळत नव्हते.

पण परत येताना गाडीत मला एक हकीकत आठवली. मिलेहा सोनेजी या मूळच्या पुण्याच्या तरुण डिझाइनर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे त्या शिकल्या. त्यांच्या पुण्यातल्या काकांना पार्किन्सन झाला होता. एकत्र कुटुंबातला हा सगळ्यांचा लाडका, हसता-खेळता माणूस चारचौघांत यायचे टाळू लागला. २०१५ साली डेल्फ्टमधल्या एका जाहीर व्याख्यानात त्यांनी ही गोष्ट सांगितली. काका लोकांसमोर चहा पीत नसत, कारण हात थरथरून तो सांडे. म्हणून सोनेजींनी असा कप घडवला की त्याच्या काठाची आतली वळणे हिंदकळलेला चहा पुन्हा आतच ढकलतात. त्या कपावर आजाऱ्याचा कप असा कोणताही शिक्का नव्हता. कुणाही धांदरट माणसाच्या हातात तो शोभला असता. मला वाटते, निम्मे औषध त्यातच होते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. सपाट जमिनीवर वॉकरशिवाय न चालणारे हे काका जिना मात्र भराभर उतरतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी काय केले? जिन्याचे चित्र काढले आणि ते घरातल्या सपाट जमिनीवर पसरले. पायऱ्या खऱ्या नव्हत्या, डोळ्यांना नुसता भास होता. काका त्या चित्रावरून सरळ चालत गेले. चित्र संपले तिथे पुन्हा अडले. एवढ्या साध्या गोष्टीने एवढा फरक!

यामागे कारण आहे. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने १९६७ सालच्या आपल्या पुस्तकात या रुग्णांविषयी लिहून ठेवले आहे की जमिनीवर वाटेत आडव्या रेघा आखल्या तर त्यांची पावले मोकळी पडतात. चालण्याच्या दिशेने उभ्या रेघा मारल्या तर तसा उपयोग होत नाही. आपण चालतो ते विचार न करता, जणू मेंदूतल्या एका आपोआप चालणाऱ्या यंत्रावर. पार्किन्सनमध्ये नेमके तेच यंत्र कुरकुरते. पण समोर ओलांडायला काही दिसले की मेंदू दुसऱ्या वाटेने, डोळ्यांच्या मदतीने, जाणूनबुजून पाऊल उचलतो, असे मानतात. मुख्य लाइन बंद असली तर गाडी लूपने काढतात ना, तसेच हे. मामांना मी असे समजावले तेव्हा ते एकदम ताठ बसले. "म्हणजे इंजिन ठीक आहे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "इंजिन ठीक आहे मामा, सिग्नलच्या तारा बिघडल्या आहेत." बऱ्याच दिवसांनी मामा मोठ्याने हसले.

मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. "अरे, चाळीत शहाबादी फरशी होती. तिथं गेलो की मी बरा चालतो. सांधे दिसतात ना काळे! इथं सगळं आरशासारखं. पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही." मी त्यांच्या नव्या घराच्या जमिनीकडे पाहिले. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, सांधा म्हणून दिसायचा नाही. दलालाने आम्हाला हीच फरशी मोठ्या तोऱ्याने दाखवली होती.

मामी हे सारे ऐकत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. धनत्रयोदशीला सकाळी मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तर पलंगापासून दारापर्यंत जमिनीवर रांगोळीच्या आडव्या रेघा! गेरूने जाड पट्टे काढून त्यावर पांढरे बोट ओढलेले. मामी म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकातलं सांगत बसा. मला रेघा ओढता येतात." आणि मामा उठले. पहिल्या रेघेकडे पाहिले, पाऊल उचलून पलीकडे टाकले, मग दुसरी, मग तिसरी. दाराच्या चौकटीत, जिथे रोज पाच-पाच मिनिटे गाडी उभी राहायची, तिथेही उंबरठ्यापलीकडे रेघ होती. मामा ती ओलांडून बाहेर आले आणि आकाशकंदिलाखाली उभे राहिले. मामी पदराने डोळे पुसत आत गेल्या. मी चिवड्याच्या डब्याचे झाकण उगाच उघडत बसलो.

इथे गोष्ट संपवली असती तर संपादक खूश झाले असते. पण खरे सांगायचे तर दुसऱ्याच दिवशी मामांचा पाय रांगोळीवरून घसरला. मी शेजारी होतो म्हणून सावरले. गुळगुळीत फरशीवर रांगोळीची पूड म्हणजे साबणच. ज्या रेघेने चालवायचे तिनेच पाडले तर काय उपयोग? मी बाजारातून चिकटपट्टी आणली, ती घाईत आणली फिकट पिवळी. पांढऱ्या जमिनीवर ती मामांना दिसेचना. मग गडद निळी आणली. ती मी माझ्या पावलांच्या मापाने, दोन-दोन फुटांवर लावली. मामांना इतके लांब पाऊल टाकवेना, दोन पट्ट्यांच्या मध्ये ते डगमगले. शेवटी मामींनी युक्ती काढली. सकाळच्या गोळीचा अंमल चांगला असतो, तेव्हा मामा मोकळे चालतात. त्या वेळी खडूने त्यांच्या पावलांच्या खुणा केल्या. अंतर भरले सव्वा फूट. त्या मापाने पट्ट्या लावल्या आणि काम जमले. कडा उचकटल्या की पाय अडकण्याची भीती, म्हणून मामी दर पंधरवड्याला जुन्या पट्ट्या काढून नव्या लावतात. महिन्याचा खर्च एका नाटकाच्या तिकिटाहूनही कमी.

एवढ्या अनुभवातून मी एक शिकलो. माणसासाठी साधन घडवायचे तर आधी माणसाच्या मागे चार दिवस हिंडावे लागते. जगप्रसिद्ध जयपूर फूटची कथा तरी दुसरी काय आहे? परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटासाठी घडलेला होता. तो लावून उकिडवे बसता येईना, शेतात चिखलातून अनवाणी चालता येईना, म्हणून माणसे तो काढून ठेवीत आणि पुन्हा कुबड्या घेत. रामचंद्र शर्मा हे कसबी कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरला रबराचा असा पाय घडवला की माणसाला मांडी घालता यावी, शेतात राबता यावे. शर्मांचे शालेय शिक्षण बेताचेच होते, पण आपली माणसे कशी बसतात-उठतात ते त्यांनी पाहिले होते. आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. पुण्याला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली निघाले, आणि मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली. अशा जागी माणसाचे माप आधी घेतात आणि साधन मागून देतात. मी मात्र दुकानातून वलणी घेऊन आलो होतो!

तुमच्या घरी कोणी काठी वापरत असेल तर दोन गोष्टी आज तपासून पाहा. माणसाला पायांत नेहमीच्या चपला घालून, हात मोकळे सोडून सरळ उभे करा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. काठी धरली की कोपर किंचित वाकलेले दिसेल. त्याहून उंच काठीने खांदा वर चढतो, ठेंगणीने माणूस वाकतो. आजोबांची काठी आजीला देऊ नये, सुताराकडून कापून घ्यावी. दुसरे, काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी. बहुतेकजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तीच चूक. चालताना उलट हात पुढे येतो तो काही उगाच नव्हे. काठी दूर असल्यामुळे थोड्या जोरातच ती खुब्यावरचा पुष्कळ भार उचलते, जसा लांब पहारीने मोठा धोंडा हलतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि काठीच्या टोकाचे रबरी बूच उलटून पाहा. झिजून गुळगुळीत झाले असेल तर आजच बदला. ओल्या मोरीत जीव त्या बुचावर टांगलेला असतो.

पैशांचे म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे नोंदली आहेत आणि त्यांत पार्किन्सनही आहे. मामांना हे ठाऊकच नव्हते. हात कापतो एवढ्यासाठी कसले प्रमाणपत्र, असे ते समजत होते. २०२४ साली राज्य सरकारने पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना काठी, चष्मा, कानाचे यंत्र अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देणारी वयोश्री योजना काढली. आपल्या नगरपालिकेत किंवा समाजकल्याण कचेरीत जाऊन अशा योजनांची चौकशी करण्यात कमीपणा मानू नका.

एक मात्र बजावून सांगतो. रेघांची युक्ती प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही. काहींना पावलांबरोबर एक-दोन मोजल्याने किंवा ठेक्याने चालल्याने जास्त फायदा होतो. लेझरची रेघ समोर टाकणाऱ्या काठ्याही निघाल्या आहेत. कोणाला काय चालेल ते डॉक्टरांना आणि व्यायामोपचार करणाऱ्यांना विचारून, घरचा माणूस शेजारी उभा ठेवून पाहावे. आणि माणूस अडला तर त्याला हाताला धरून ओढू नये. ओढले की पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. थांबावे, त्याला उभे राहू द्यावे, दीर्घ श्वास घेऊ द्यावा, मग समोर ओलांडायला काहीतरी दाखवावे.

हे काहीतरी म्हणजे काय, ते मात्र मामींनी शोधले. घरात पट्ट्या झाल्या, पण रस्त्यावर आणि देवळात कुठे लावणार? भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या संकष्टीला मामा स्वतःच म्हणाले, "जाऊन यावं म्हणतो." दोन वर्षांनी म्हणत होते. रिक्षाने देवळापर्यंत गेलो. चतुर्थीची गर्दी, रांग, ढकलाढकली. गाभाऱ्याच्या अलीकडे मामा अडले. मागची माणसे कुजबुजू लागली. मामांचे कान पुन्हा लाल होऊ लागले. मी घाबरून हात धरायला निघालो, तो मामींनी मला मागे सारले. त्या मामांच्या पुढे आल्या आणि आपला पाय त्यांच्या पावलांपुढे आडवा ठेवला.

मामा म्हणाले, "अगं, देवाच्या दारात बायकोचा पाय ओलांडू?"

मामी म्हणाल्या, "ओलांडा हो. पंचेचाळीस वर्षं माझा शब्द ओलांडत आलात, आता पाय ओलांडायला लाजता?"

रांगेतले लोक हसले. मघाशी कुजबुजणारेही हसले आणि सरकून त्यांनी वाट दिली. टिटवाळ्याच्या गणपतीला भांडलेली जोडपी पुन्हा जुळतात, अशी जुनी श्रद्धा आहे. मामांनी खाली पाहिले, पाऊल उचलले आणि पलीकडे टाकले. मग दुसरे. मामी एकेक पाऊल मागे सरत गेल्या आणि मामा पुढे. देवापुढे पोचल्यावर त्यांनी हात जोडले. ते थरथरत होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सिग्नल पडला रे."

यंदाही त्यांच्या घरी फराळाचा डबा घेऊन जायचे आहे. या वेळी जाताना निळ्या चिकटपट्टीची दोन रिळेही घेतली आहेत. वॉकर अजून गॅलरीतच आहे आणि पंचे छान वाळतात, असे मामींनी कळवले आहे. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. आणि फलाटावर कोणी काका मध्येच थांबलेले दिसले, तर खेकसू नका. दोन मिनिटे थांबा. त्यांची गाडी होमला उभी असेल.